एक जागा, एक वर्ष : वास्तववादी निसर्गचित्र शिकताना

वाईच्या गणपती घाटावर बसून मी पहिलं चित्र काढलं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. ढोल्या गणपतीचं देऊळ, दगडी पायऱ्या, कृष्णेचं पात्र, पलीकडची झाडी आणि मागे डोंगराची रांग. दोनशे पावलांत संपेल एवढा परिसर. तिथं किती चित्रं झाली हे मी मोजलेलं नाही. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, तेच तेच काढून कंटाळा येत नाही? निसर्गातून स्फूर्ती घ्यायची तर हिमालयात, केरळात जायला नको का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. एक जागा धरा आणि तिथं वर्षभर जात राहा. नव्या जागी गेलं की डोळे दिपतात आणि हात सवयीचंच काढतो. जुन्या जागी डोळे दिपत नाहीत, म्हणून ते बघायला लागतात. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून गावी परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हा पायाखालचा मुलूख रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या निसर्गचित्रांतली हवा आजही ओळखीची वाटते, कारण ती रोज अंगावर घेतलेली हवा होती.

हे वर्ष कसं काढायचं ते सांगतो. मी जलरंगात काम करतो, म्हणून उदाहरणं जलरंगाची आहेत. तैलरंगवाल्यांनाही बघण्याचा भाग जसाच्या तसा लागू पडेल.

जागा ठरवताना

घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशीच जागा घ्या. लांबची जागा पहिल्या महिन्यात उत्साहाने होते, तिसऱ्या महिन्यात राहून जाते. तिथं तीन गोष्टी असाव्यात: मोकळं आभाळ, एखादं मोठं झाड आणि काहीतरी बांधलेलं, मग ते देऊळ असो, विहीर, जुनी भिंत किंवा गोठा. पाणी असेल तर उत्तम. बसायला सावली हवीच. उन्हात बसून पांढऱ्या कागदाकडे बघत काम केलं की डोळे लहान होतात आणि रंग हमखास गडद लागतात. घरी आल्यावर ते चित्र काळवंडलेलं दिसतं.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्ची निवडली तरी चालेल. गच्चीवरून दिसणारा एक गुलमोहर आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी वर्षभर पुरते.

पहिल्या तीन खेपांना रंग नेऊ नका. सकाळी सातला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी साडेपाचला असे तीन वेगवेगळ्या वेळी जा. वहीत एवढंच लिहा की सावली कुठून कुठे पडली आहे, सगळ्यांत उजळ काय दिसतंय आणि सगळ्यांत गडद काय. घाट, पाणवठा, देवळाचं आवार अशा ठिकाणी लोकांची रोजची कामं चाललेली असतात. बायका धुणं धूत असतील तर आधी विचारून, पाठ करून किंवा लांब बसावं. आठवडाभरात लोक ओळखायला लागतात आणि मग जागा खऱ्या अर्थाने आपली होते.

सूर्याचं गणित समजून घ्या

हा भाग सहसा कुणी शिकवत नाही, आणि वास्तववादी चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत ३० अंश. म्हणजे साडेसातला रेखाटन सुरू केलं आणि साडेनऊला सावल्या रंगवायला घेतल्या, तर चित्रात दोन वेगवेगळे सूर्य येतात. उपाय साधा आहे. सावल्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलने बांधून टाका आणि नंतर समोर काहीही बदललं तरी त्या हलवू नका.

दुसरी गोष्ट ऋतूची. वाई साधारण १८ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला इथं मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो मध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. एरवी वर्षभर मध्यान्हीला सावलीत असणारी उत्तरेची भिंत त्या दिवसांत उजळते. ढग हटले तर जूनमध्ये जाऊन बघा, ओळखीचं देऊळ अनोळखी दिसतं. डिसेंबरच्या शेवटी याच्या उलट होतं. भर मध्यान्हीलाही सूर्य ४९ अंशांच्या वर चढत नाही आणि साडेपाच फुटी माणसाची सावली जवळजवळ पाच फूट पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चित्रकाराचे दिवस म्हणतात ते यासाठी. दिवसभर सावल्यांना आकार असतो.

सामान

कागदावर पैसे खर्च करा, ब्रशवर वाचवा. शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत कागद घ्या. फुल शीट २२ बाय ३० इंचांची असते. तिचे चार तुकडे करा. ११ बाय १५ इंचांचा पाव शीटचा आकार दोन तासांत पुरा होतो. स्वस्त कागदावर सराव करून चांगल्या कागदावर चित्र काढू, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण दोन्ही कागदांवर पाणी वेगळं वागतं, त्यामुळे तो सराव उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा चांगल्याच कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करून सराव करा.

ब्रश: राउंड ६, १० आणि १४ नंबर, एक इंची फ्लॅट आणि फांद्यांसाठी एक रिगर, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश. रंग सातच: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, क्रिमझन, अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट ब्लू. काळा रंग पिशवीतून काढून ठेवा. सह्याद्रीचा काळा पत्थर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणातून येतो. निळा वाढवला की ओला दगड, सिएना वाढवली की उन्हातला. कोकणात बसणाऱ्यांना जांभ्यासाठी लाइट रेड आणि ऑकर लागेल. सावलीतल्या जांभ्यात थोडा क्रिमझन आणि कोबाल्ट घाला.

याशिवाय पाण्याच्या दोन बाटल्या, जुना सुती पंचा, मास्किंग टेप, हलका बोर्ड आणि घडीचं स्टूल. क्रिमझन घेताना ट्यूबवर 'पर्मनंट' लिहिलंय का पाहा. जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमझन उजेडात उडतो.

आधी बघा, मग छोटं काढा

जागेवर पोचलं की पंधरा मिनिटं नुसतं बसा. मग डोळे किलकिले करा. बारकावे विरघळतात आणि उरतात फक्त फिकट, मधले आणि गडद असे मोठे आकार. ते वहीत आगपेटीपेक्षा जराशा मोठ्या चौकटीत पेन्सिलने भरा. कागद कोरा म्हणजे फिकट, एक थर म्हणजे मधला, दाबून केलेला थर म्हणजे गडद. अशी तीन-चार छोटी रेखाटनं करा. एकात क्षितिज वर ठेवा, एकात खाली. ज्या चौकटीत हे तिन्ही टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्या, सारख्या प्रमाणात वाटले जातात ती सोडून द्या. एखादा टोन वरचढ असावा.

टोन कळला की रंग थोडा चुकला तरी चित्र उभं राहतं. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. त्याच्यापुढे उभे राहिलात तर ज्योतीकडे कमी आणि भोवतालच्या काळोखाकडे जास्त बघा. तो उजेड काळोखाने तोलून धरलेला आहे.

डोंगर म्हणजे त्रिकोण नव्हेत

शाळेत सगळ्यांनी दोन त्रिकोणांमधून उगवणारा सूर्य काढलेला असतो. ती सवय हातातून जाता जात नाही. आपला सह्याद्री तसा नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला, म्हणून त्याची रचना आडवी आहे. सपाट माथा, खाली उभा काळा कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. पाचगणीचं टेबललँड हे याचं सगळ्यांत सोपं उदाहरण.

रंगवताना उतार आधी एकसंध फिकट वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या सपाट थरात घ्या. तो वाळला की कड्यांचे आडवे तुटक पट्टे फ्लॅट ब्रशने मारा. पट्टे सलग ओढले तर डोंगर केकसारखा दिसतो, मध्येमध्ये ब्रश उचला. मागची रांग कोबाल्टमध्ये नावापुरता लाइट रेड घालून करावी. जितकी लांब तितकी फिकट आणि निळसर. अपवाद ऑक्टोबरचा. पावसाने हवा धुतलेली असते, लांबचा डोंगरही हाताशी आल्यासारखा दिसतो. तेव्हा सवयीने धुकं घालू नका, समोर दिसतंय तेच करा.

घाटावरची एक सकाळ

गेल्या नोव्हेंबरातली एक सकाळ क्रमाने सांगतो. असा क्रम एकदा अंगवळणी पडला की कुठेही चालतो.

सव्वासातला बसलो. सूर्य देवळाच्या मागून येत होता, त्यामुळे शिखराची माझ्याकडची बाजू सावलीत आणि फक्त एक कड उजळलेली. साडेसातपर्यंत छोटी रेखाटनं केली. मग पाव शीटवर टू बी पेन्सिलने दहा मिनिटांत मुख्य रेषा आणि सावल्यांच्या कडा.

पहिला वॉश सगळ्या कागदाला. बोर्ड थोडा तिरपा, कागद ओला. वर कोबाल्ट, क्षितिजाकडे येता येता यलो ऑकरची ऊब, आणि तोच रंग खाली पाण्यात उतरवला. देवळाची उजळ कड, पाण्यावरची चमक आणि एका माणसाचं धोतर एवढं कोरं राखलं. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. तो एकदा गेला की परत येत नाही.

आता थांबायचं. ओल्या कागदाकडे तिरपं बघा. आधी तो आरशासारखा चकाकतो, मग रेशमासारखी मंद चमक राहते, मग तो निस्तेज होतो. चकाकत असताना दुसरा रंग सोडला तर तो मऊ पसरतो. पूर्ण वाळल्यावर कड धारदार येते. मधल्या अवस्थेत ब्रश लावू नका. त्या वेळी पाणी पडलं की फुलकोबीसारखा डाग फुटतो आणि तो काढता येत नाही. नोव्हेंबरच्या सकाळी मला वीस मिनिटं लागली. एप्रिलच्या दुपारी तेच चार मिनिटांत होतं.

वाळल्यावर मागची झाडी, मग देवळाची सावलीतली बाजू एकाच वॉशमध्ये, वर थंड, खाली उबदार, कारण खालच्या फरशीवरचा उजेड भिंतीवर परत फेकला जातो. जलरंग वाळल्यावर फिकट होतो, म्हणून सावली मनाला पटेल त्याहून एक पायरी गडद लावली.

शेवटी पायऱ्या. पाण्याजवळच्या ओल्या पायऱ्या मी अल्ट्रामरीन आणि सिएनाने चांगल्या गडद केल्या. ओला दगड काळा होतो, हे मला माहीत होतं. शेजारी धुणं आटपून एक आजी उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "आरं बाळा, ही पायरी काळी केलीस व्हय?"

"ओली आहे ना, आजी."

"ओली हाय म्हनूनच सांगती. वाकून बघ की. आभाळ पडलंय तिच्यात."

मी वाकून पाहिलं. पायरीची उभी बाजू काळी होती, आणि वरची आडवी बाजू आभाळाइतकी फिकट, जवळजवळ पांढरी. ओला दगड काळा होतो हे खरं, पण आडवा ओला दगड आरसा होतो, विशेषतः तिरप्या नजरेने पाहिलं तर. इतक्या वर्षांत मी पायऱ्या डोक्यात ठरवून रंगवत होतो. त्या आजी रोज त्या पायरीवर पाय रोवून उभ्या राहत होत्या. मी स्वच्छ ओल्या ब्रशने रंग उचलला, पंचाने टिपला, आणि ती पायरी आजही त्या चित्रातली माझी सगळ्यांत आवडती जागा आहे.

साडेनऊला थांबलो. अजून दोन माणसं आणि एक होडी घालण्याचा मोह झाला होता. मोह झाला की उठायचं, हा नियम मी पाळतो.

हिरव्याशी ओळख

पावसाळ्यात सगळं हिरवं होतं आणि निम्मे विद्यार्थी इथे हात टेकतात. ट्यूबमधला तयार हिरवा वापरला की भात, आंबा, बांबू सगळे एकाच रंगाचे होतात. म्हणून हिरवा दर वेळी नव्याने करा. लावणीच्या भातासाठी लेमन यलो आणि कोबाल्टचा थेंब. आंब्याच्या गर्द झाडासाठी अल्ट्रामरीन, लेमन आणि पुरेशी बर्न्ट सिएना. सुकत चाललेल्या गवतासाठी ऑकर आणि कोबाल्ट. कुठलाही हिरवा फार ओरडत असेल तर त्यात लाल घराण्यातला एखादा रंग ब्रशच्या टोकाने घाला, तो शांत होतो.

आणखी एक बारकावा. पानावर वरून उजेड पडतो तेव्हा पान आभाळ परावर्तित करतं आणि थंड, किंचित निळसर दिसतं. उजेड पानाच्या आरपार येतो तेव्हा तेच पान पिवळं, उबदार होतं. केळीच्या झाडाखाली बसा आणि वर बघा. एकाच पानात दोन्ही हिरवे सापडतील.

वर्ष पुढे सरकतं तसा हिरव्यातून लाल निघतो. आंब्याची पालवी तांबूस येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, कोशिंबाची नवी पानं इतकी लाल असतात की लांबून फुलंच वाटतात. उसाचे रुपेरी तुरे त्याआधी हिवाळ्यात. हे सगळं आपल्या एका जागेत आपोआप येऊन जातं, आपण फक्त हजर असायला हवं.

पाणी आणि पाऊस

पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, सरळ उभं पडतं. सावलीसारखं तिरपं जात नाही. उजळ वस्तूचं प्रतिबिंब तिच्याहून जरा गडद आणि गडद वस्तूचं जरा फिकट असतं. पुरात कृष्णा गढूळ होते तेव्हा प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं होतं, पण पुलाची किंवा झाडाची सावली त्या मातकट पाण्यावर स्पष्ट पडते. हिवाळ्यातल्या नितळ पाण्यावर ती दिसतही नाही.

पावसात ओसरी किंवा देवळाचा मंडप गाठा. हवेतल्या ओलाव्याने कागद तासभर वाळत नाही, तेव्हा थरावर थर चढवण्याचा हट्ट सोडून सगळं ओल्यावर ओलं करा. एकाच बैठकीत, मोठ्या ब्रशने. धुकं, भिजलेले माड, लांबची टेकडी यांना कडा नसतातच. उन्हाळ्यात उलट करा: कागद मागूनही ओला करून बोर्डवर चिकटवा, म्हणजे वॉश लावायला वेळ मिळतो.

घरी आल्यावर

त्याच दिवशी चित्राच्या मागे तारीख, वेळ, वारा आणि हवा लिहा. इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला ढगांचे जे अभ्यास केले, त्यांतल्या कित्येकांच्या मागे अशा नोंदी आहेत. मी त्यात एक भर घालतो: जागेवर जे दिसलं आणि चित्रात आलं नाही, ते एका ओळीत लिहितो. 'पुलाखालचा जांभळा राहिला', 'धूर झाडाच्या पुढे होता, मी मागे नेला'. पुढच्या खेपेला काय बघायचं ते या ओळीत असतं. स्फूर्ती कुठून येते असं कुणी विचारलं तर मी चित्राची ही मागची बाजू दाखवतो.

फोटो काढा, पण बांधकामाची मापं पडताळण्यापुरते. उजेड असेल तेव्हा फोनचा कॅमेरा सावल्या काळ्याभोर करतो किंवा आभाळ पांढरं करतो. सावलीतले रंग डोळ्यांनाच दिसतात.

आपल्या हवेत चित्राचा मोठा शत्रू बुरशी. गादीखाली किंवा भिंतीला टेकवून चित्रं ठेवू नका. सपाट फाइलमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळा संपला की घटस्थापनेच्या आसपास सगळी बाहेर काढून सावलीत हवा द्या. फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्या मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच. काच कागदाला टेकली की ओल धरते.

वर्षाच्या शेवटी

महिन्याला तीन खेपा जमल्या तरी छत्तीस चित्रं होतात. ती सगळी जमिनीवर महिन्यांच्या क्रमाने मांडा. एकेकट्या चित्राकडे बघू नका, ओळीकडे बघा. कुठल्या महिन्यापासून सावल्या स्वच्छ झाल्या, कुठे हिरवा सुटा झाला, कुठली वस्तू तुम्ही नकळत पुन्हा पुन्हा काढली, ते दिसेल. माझ्या पहिल्या वर्षात ती वस्तू घाटाच्या कडेचा एक वाकडा खांब निघाली. तो मी एकदाही ठरवून काढला नव्हता.

त्यातली तीन चित्रं आणि त्यांच्या मागच्या नोंदी निवडा, अर्धी शीट ताणून बोर्डवर लावा आणि पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी जाऊन बसा. या खेपेला तीन सकाळी द्या. पहिल्या सकाळी फक्त रेखाटन आणि सावल्या, दुसऱ्या सकाळी आभाळ, डोंगर, झाडी, तिसऱ्या सकाळी पाणी आणि पायऱ्या. ओळखीचं कुणी धुणं घेऊन आलं असेल तर बोर्ड त्यांच्याकडे फिरवा आणि विचारा, कुठे चुकतंय.